मूठभर तांदळाचं पोर

म्हारू हे नाव मी ठेवलं नव्हतं. पण ते माझ्यामुळं पडलं आणि माझ्याच तोंडून मोडलं. तेव्हा त्या नावाबद्दल कोण काय म्हणतं ते मला ऐकवू नका. आमच्या गावात त्या नावावरून जेवढी तोंडं चालली तेवढी पाण्यावरून चालली नाय, रस्त्यावरून चालली नाय. शिकलेले बोलले, न शिकलेले बोलले, दामू हॉटेलवाला तर रोज सकाळ-संध्याकाळ बोलला. मी एकच शब्द बोलले, आणि त्यात माझं पोर गेलं.

आमचं गाव पोशीरच्या अलीकडं. खाली कुणब्यांची आळी, ओढ्यापलीकडं आमची वस्ती. आता बुद्धवाडी म्हणतात. आधी काय म्हणत ते तुमाला ठाऊक हाय, मी कशाला तोंड विटाळू.

पोशा कुणब्याच्या शेतावर मी नि माझा मालक लावणीपासून झोडणीपर्यंत राबायचो. पोशाची बायको हिरू. माझ्याच वयाची, पण ती ओटीवर आणि मी अंगणात. हिरूला पोरं व्हायची आणि जायची. तीन गेली. चौथा झाला तेव्हा तिच्या सासूनं, ठकूबाईनं, ठरवलं की पोर विकायचं.

विकायचं म्हंजे खरंच नाय हो. तेव्हा असं करायचे. ज्या घरात पोर टिकत नाय त्या घरानं नवं पोर सुपात घालायचं आणि दुसऱ्या जातीच्या बाईला विकायचं. दुसऱ्या म्हंजे खालच्या, हे सांगायला नको. तिनं सुपात मूठभर तांदूळ टाकले की पोर तिचं. मग तिनं ते सांभाळायला म्हणून आईकडंच द्यायचं, पण नाव तिच्या जातीचं लावायचं. मरण शोधत आलं तर त्यानं म्हणावं, हे कुणब्याचं नाय, हे भलत्याचंच, आणि आल्या वाटेनं परत जावं. लग्न होईपर्यंत पोर विकत घेणारीचं. लग्नाच्या आधी आईबापानं तांदूळ परत करून ते सोडवून न्यायचं.

ठकूबाईनं मला बोलावणं धाडलं. माझा चंदर तेव्हा रांगता चालता झालेला, आणि त्याच्या पाठची पोरगी माझी नुकतीच गेली होती. माझी गेली तेव्हा मला कुणी सूप नाय सुचवलं. आमी कुणाला विकायची? आमच्या खाली होतं कोण?

अंगणात सूप ठेवलं, त्यात पोर, आणि सगळे मागं सरले. मी ओच्यातले तांदूळ टाकले आणि पोराला उचललं. लाल लाल, मुठी आवळलेलं. माझ्या अंगाचा वास लागला तसं ते तोंड फिरवून शोधायला लागलं आणि रडायला लागलं. माझ्या छातीत दूध होतं, पोरगी गेली तरी ते काय थांबत नाय. मी तिथंच तुळशीच्या अंगाला पाठ करून बसले आणि पोराला पाजलं. ठकूबाई छपराकडं बघत बसली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि पोर आपलं चुटूचुटू पीत होतं.

पोट भरलं, मी परत सुपात ठेवलं. तशी ठकूबाई तांब्या घेऊन खाली उतरली आणि तिनं पोराच्या अंगावर पाणी ओतलं. डोक्यापासून पायापर्यंत. गार पाणी, पोरानं टाहो फोडला. मग ते घरात गेलं. माझं दूध त्याच्या पोटात होतं, ते काय धुऊन निघणार होतं? पण माझा हात लागला होता तेवढा तिनं धुतला, माझ्या डोळ्यांदेखत. हिरूनं मान खाली घातली. मी पण घातली. तेव्हा आमची मान तशीच असायची.

नाव ठेवलं म्हारू.

पोर जगलं. कशानं जगलं मला नका विचारू. जगलं एवढं खरं. आणि दर साली नवा भात निघाला की हिरू त्याला घेऊन ओढ्याच्या या बाजूला यायची. नव्या भाताचा पहिला घास विकत घेणारीच्या हातचा, अशी रीत. शिजवलेला चालत नव्हता बरं का, कच्चे तांदूळ चालायचे. मी माझ्या उंबऱ्यात बसायची, तो पायरीवर. मी त्याच्या ओंजळीत चिमूट टाकायची आणि तो ते कुरुकुरु चावत माझ्याकडं बघून हसायचा. "भागीआय, अजून दे." "चल, दात पाडून घेशील मेल्या." चंदर त्याच्या शेजारी बसून तोही हात पसरायचा. दोघं भांडायचे कुणाला जास्त मिळाले म्हणून.

पुढं छप्पन्न साल आलं. बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, मागोमाग आमची वस्ती उभी राहिली. देव ओढ्यात सोडले, मेलेली ढोरं ओढायची सोडली, कुणाच्या दारात भाकरी मागायची सोडली. बौद्ध झालो. ती मान जी खाली असायची ना, ती वर आली. काय सांगू तुमाला, नुस्तं रस्त्यानं चालायचं तरी वेगळं वाटायचं. जुना शब्द वस्तीत कुणी उच्चारला तर आमची पोरं अंगावर धावून जायची. पण पोशाच्या अंगणात तोच शब्द रोज घुमायचा. "म्हारूऽ, गुरं सोड रं! म्हाऱ्या, जेवायला ये!" हिरूच्या तोंडी ते नाव होतं, बाकी काय नव्हतं. माझ्या कानाला तर ते गोडच लागायचं. आयकलं की वाटायचं, चला, हाय माझं पोर, जागेवर हाय.

चंदर मॅट्रिक झाला आणि मोहोपाड्याच्या कारखान्यात लागला. त्याला ते नाव गोड लागायचं नाय. पण तो गप्प होता. मग एका रविवारी त्याचा कारखान्यातला दोस्त आमच्याकडं जेवायला आला. आपल्यातलाच, पनवेलकडचा, कपडे कडक इस्त्रीचे. फाट्यावर एस्टीतून उतरला आणि नेमकी हिरू रस्त्यापलीकडनं ओरडली, "ए म्हाऱ्या! कुठं उलथलास रं?" तो जागीच थांबला. त्याला वाटलं आपल्याला. चंदर न्यायला गेलेला, तो सांगतो की त्याचं तोंड पांढरं फटक पडलं. चंदरनं समजावलं, अरे ते एका कुणब्याच्या पोराचं नाव हाय. तर तो म्हणाला, "मग तर जास्तच वाईट." आला तसा परतीच्या गाडीनं गेला. मी सुकटीचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या होत्या. ते सगळं तसंच राहिलं.

फाट्यावर दामूच्या हॉटेलच्या भिंतीला तरुण मंडळाचा एक काळा फळा होता. त्यावर खडूनं पेपरातली बातमी लिहायचे, कुणी वारलं तर तेही. चंदरनं त्या संध्याकाळी बातमी पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: "एका जातीची शिवी दुसऱ्या जातीच्या पोराला नाव म्हणून लावणे, हे माणुसकीत बसते काय? विचार करा." खाली स्वतःचं नाव टाकलं.

बास. मोहोळाला धोंडा लागला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्याच्या खाली उत्तर. त्याखाली उत्तराला उत्तर. चंदर सोडून कुणी नाव टाकायचा नाय, अक्षर पण वाकडं काढायचे ओळखू नये म्हणून. मला वाचता येत नाय, पण दामू चहा गाळता गाळता गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि मी एस्टीची वाट बघण्याच्या निमित्तानं पलीकडच्या दगडावर बसायची.

"आईबापानं ठेवलं, तुमच्या पोटात का दुखतं?" असं एकानं लिहिलं.

दुसऱ्यानं लिहिलं, "दगडू नावाची किती माणसं हायत. दगडांनी कधी तक्रार केली काय?" त्यावर हॉटेलात जी हसली म्हणता सगळी. दामू पोट धरून हसला.

चंदरनं त्याखाली लिहिलं, "दगडाला चहा वेगळ्या कपात मिळत नाही."

दामूचं हसू गेलं. वेगळा कप खिळ्याला टांगून ठेवायचा तो हाच दामू. त्यानं चहाचं फडकं घेतलं आणि तेवढीच ओळ पुसली. बाकी सगळं ठेवलं. दगडाचं तर ठेवलंच ठेवलं.

मग काय, जो तो हात धुऊन घ्यायला लागला. एकानं लिहिलं आमचे वाडवडील काय येडे होते? एकानं लिहिलं आधी तुमी आमच्या देवांना नावं ठेवायचं बंद करा. विहिरीचं निघालं, जत्रेतल्या मानाचं निघालं, कुणाच्या तरी बांधाचं निघालं. कुणी तर घाणेरडं चित्र काढून ठेवलं. आमच्या वस्तीतली पोरं पण काय कमी नाय, त्यांनी हिरूवर लिहिलं, ते मी सांगणार नाय, बाईमाणसावर असं लिहू नये. मूळ पोराचा कुणाला पत्ताच नाय राहिला.

एके दिवशी सकाळी दामूनं वाचलं, "ज्याचे नाव आहे त्याला कोणी विचारले का?" बारीक अक्षर, कोपऱ्यात. दामू म्हणाला हे कुणी लिहिलं बुवा? कुणी ओळखलं नाय. दुपारपर्यंत त्याच्यावरून दुसऱ्या कुणी तरी आडवं लिहून ते झाकून टाकलं.

मी बोलण्यावरनं ओळखलं. म्हणून मी गुरांच्या वाटेवर जाऊन उभी राहिले. म्हारू आला, सतरा वर्षांचा बाप्या, मिसरूड फुटलेलं, काठी खांद्यावर.

म्हटलं, "मी विचारते रं. सांग."

तो खाली बसला. गवताची काडी मोडत म्हणाला, "शाळेत हजेरी घेताना सगळी पोरं हसतात, आय. मास्तर पण जरा थांबतात आणि मग घेतात नाव. मला ते नाव नको वाटतं."

"मग टाक की."

"टाकलं तर परत करायला लागेल ना? तांदूळ. मग तुझ्याकडं कुठल्या नात्यानं येऊ?"

एवढं मोठं झालेलं पोर आणि त्याला ही काळजी. म्हटलं, "नावावर चालत येतोस होय रं माझ्याकडं? पायानं येतोस ना?"

"येईन. नाव गेलं तरी येईन. नव्या भाताला तर येईनच." त्यानं माझ्या पायाला हात लावून सांगितलं. कुणब्याच्या पोरानं, उघड्या वाटेवर. मी इकडंतिकडं बघितलं कुणी बघत नाय ना म्हणून. सवय, दुसरं काय.

घरी आले तर चंदर फुरंगटलेला. म्हणाला, "आई, तू त्या पोरात जीव नको लावू. तुला वाटतं त्यांनी तुला मान दिला? मरणालासुद्धा आपली किळस यावी, म्हणून त्यांनी ते तुझ्या पदरात टाकलं. आपल्यापेक्षा घाण काही सापडलं असतं तर त्याला विकलं असतं."

मी त्याच्या थोबाडीत दिली. पोरगा कमावता, मी थोबाडीत दिली. मग चुलीपुढं बसून रडले, कारण तो खरं बोलला होता. मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पाणी ओतलं तेव्हाच कळलं होतं. पण मला हे पण ठाऊक होतं की पोर माझ्या अंगाला लागून प्यालं होतं. दोन्ही खरं होतं, आणि फळ्यावर दोन्ही लिहायला जागा नव्हती.

शेवटी शाळेच्या पडवीत बैठक बसली. एका बाजूला आळी, एका बाजूला वस्ती. बायका पायरीच्या खाली. तास न् तास तेच, फळ्यावरचंच तोंडी चाललं. मग पोशा उठला. पोशा भांडखोर नव्हता, त्याला या सगळ्याचा कंटाळा आला होता. तो म्हणाला, "हे बघा, रीतीनं पोर माझं नायच. पोर भागीनं घेतलंय. नाव तिच्यामुळं पडलंय. ती ठेवा म्हणाली तर ठेवीन, बदला म्हणाली तर बदलीन. विचारा तिला."

सगळी पडवी माझ्याकडं वळली. एवढ्या माणसांनी माझं मत कधी विचारलं नव्हतं. एकीकडं चंदर, जबडा आवळून बसलेला. दुसरीकडं हिरू, पदर तोंडात धरलेला. ती मान हलवत होती, बदलू नको म्हण, नको म्हण. तिला भ्या वाटत होतं की नाव गेलं की मरण वाट काढत येईल. आणि खांबाला टेकून म्हारू उभा. तो माझ्याकडं बघत नव्हता, जमिनीकडं बघत होता.

ठेवा म्हटलं असतं तर पोर माझं राहिलं असतं. पण त्या इस्त्रीच्या कपड्यातल्या पोराचं पांढरं तोंड आठवलं मला. हजेरीला थांबणारा मास्तर आठवला. आपलं नाव कुणाच्या तरी अंगावर शिवी म्हणून टांगलंय, आणि ते तिथं टांगलेलं राहू द्या कारण मला त्यात माया वाटते, असं कसं म्हणू?

मी म्हटलं, "बदला."

वस्तीनं टाळ्या वाजवल्या. चंदर सगळ्यांदेखत माझ्यापाशी आला, "माझी आई," म्हणाला. हिरू मोठ्यानं रडायला लागली.

दोन दिवसांनी परत करायची रीत झाली. त्याच अंगणात, तसंच सूप. हिरूनं माझ्या पदरात मूठभर तांदूळ टाकले आणि मी म्हणायचं ते म्हटलं, "तुमचं पोर तुमाला दिलं." पहिल्यांदा कुणाला ऐकू गेलं नाय, दोनदा म्हणावं लागलं. नाव ठेवलं जयवंत. या खेपेला पाणी कुणी ओतलं नाय. पोरगा मोठा होता ना, लाज वाटली असेल.

घरी येऊन ते तांदूळ मी शिजवले नाय. कोंबड्यांना टाकले. रीत मोडल्यावर काय ठेवायचे.

पहिल्या साली नव्या भाताला जयवंत आला. दुसऱ्या साली पण आला, पण उभ्या उभ्या, घाईत. तिसऱ्या साली चंदरनंच त्याच्यासाठी शब्द टाकला आणि त्याला मोहोपाड्याला नोकरी लावली. होय, चंदरनंच. म्हणाला, चांगला पोरगा हाय, लहानपणी माझ्या वाटणीचे तांदूळ खायचा. त्याला तिकडं कॉलनीत खोली मिळाली. मग नवा भात निघायचा, मी उंबऱ्यात बसायची, आणि वाटेवरनं माणसं जायची-यायची. चंदर सांगायचा, कारखान्यात भेटतो, बरा बोलतो, चंदरभाऊ म्हणतो. आमच्या घराचं विचारतो का? चंदर म्हणायचा, कामात असतो गं आई.

जयवंतचं लग्न खालापूरकडच्या मुलीशी झालं. वाजंत्री ओढ्याच्या अलीकडं ऐकू आली. बोलावणं आलं नाय. हिरूनं मागनं कागदात बांधून बुंदी धाडली. मी खाल्ली. गोड होती, काय खोटं सांगू.

आता शेवटचं सांगते आणि मग मला परत विचारू नका.

त्याला पण पोरं टिकेनात. दोन गेली. डॉक्टर झाले, मुंबईचे झाले. तिसरा झाला, बाळंतपणाला सून गावी आलेली. आणि एक दिवस दुपारी हिरू माझ्या दारात. केस पिकलेले, कंबर वाकलेली, हातात सूप, सुपात दुपट्यात गुंडाळलेलं पोर.

"भागी," ती म्हणाली, "घेशील गं?"

मी हात पुसत उंबऱ्यापाशी आले.

"नाव नाय ठेवायची तसलं. कुणाला सांगायची पण नाय. नुस्तं घे. तुझ्याकडं दिलेलं जगलं होतं."

मी बावीस प्रतिज्ञा घेतलेली बाई. असलं काय मानायचं नाय, हे मला चंदरनं शिकवायला नको. पण हिरू आत आली. कळलं का? उंबरा ओलांडून आत आली, माझ्या खाटेवर बसली, आणि म्हणाली, "आधी पाणी दे, घसा सुकला." माझ्या तांब्यातलं पाणी ती घटाघटा प्याली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"मानत नाय मी, हिरूबाय."

"मला ठाव हाय. तरी घे."

मी मडक्यात हात घातला, मूठ भरली आणि सुपात टाकली. पोराला उचललं. तसंच लाल, तशाच मुठी. माझी छाती सुकून किती वर्षं झाली, तरी त्यानं तोंड फिरवलं आणि शोधायला लागलं. मी हसले, रडले, पदरानं त्याचं तोंड पुसलं, कपाळाची पापी घेतली. हिरू पण रडत होती. दोघी म्हाताऱ्या एका खाटेवर बसून रडत होतो. वाटलं, आलं माझं पोर परत. फिरून आलं.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. जयवंत आणि मागं त्याची बायको, घाबरीघुबरी. तो दारात आला. अंगानं भरलेला, चष्मा लागलेला. उंबऱ्याच्या बाहेरच थांबला, जिथं लहानपणी बसायचा तिथंच.

"आई, काय चाललंय हे?" तो हिरूला म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "भागीबाई, तुम्ही तरी समजावायचं ना हिला. तुमच्याच लोकांनी हे सगळं बंद केलं. तुम्ही स्वतः बैठकीत बोललात. आता असलं कुणी करत नाही."

भागीबाई म्हणाला. तुम्ही म्हणाला. सगळं बरोबर बोलला हो, एक शब्द वावगा नाय. फळ्यावर लिहिला असता तर चंदरनंसुद्धा खाली होय म्हणून लिहिलं असतं. मी पोर पुढं केलं.

त्यानं ते घेतलं. पायरी उतरला आणि खिशातनं रुमाल काढला. पांढरा, घडीचा. पोराचं तोंड पुसलं. मग हात पुसले. मग कपाळ पुसलं, जिथं माझे ओठ लागले होते तिथं, दोनदा. पोराचं तोंड घाण नव्हतं. मी आत्ताच पुसलं होतं.

पोर बायकोच्या हातात दिलं, रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली नाय, स्कूटरच्या डिकीत टाकली. शिवी दिली नाय कुणी. वाईट शब्द काढला नाय. ठकूबाईनं निदान माझ्यासमोर तांब्या आणला होता, तिला वाटत होतं ती धर्म करतेय. ह्यानं केलं ते त्याला स्वतःला पण कळलं नसेल. हात आपोआप गेला.

स्कूटर सुरू झाली आणि माझं डोकं फिरलं. मी उघड्या पायांनी अंगणात धावले आणि ओरडले, "म्हारू! ए म्हाऱ्या!" बैठकीपासून तो शब्द मी कधी तोंडात घेतला नव्हता. सगळ्या वस्तीनं ऐकलं. बायका दारात आल्या.

स्कूटर थांबली. त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले. पाठ माझ्याकडं होती. बायकोनं त्याला काय तरी विचारलं, "कोणाला हाक मारतायत?" असंच असणार. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाय. मान वळवली नाय त्यानं. मग गाडी निघाली आणि ओढ्याच्या उतारावरनं खाली गेली.

हिरू कधी गेली मला कळलं नाय. सूप घेऊन गेली, जाताना त्यातले तांदूळ उंबऱ्यात सांडत गेली. संध्याकाळी चंदर पाळीवरनं आला. वस्तीत त्याच्या कानावर गेलंच असणार, मी काय ओरडले ते. मी वाट बघत होते तो काय बोलतो त्याची. तो उंबऱ्यात थांबला, खाली बघितलं, वाकला आणि एकेक दाणा वेचायला लागला.

"कुणी सांडले गं, आय?" तो म्हणाला. आई नाय, आय म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसं.

म्हटलं, "माझ्याच हातनं सांडले, रं."